पाचूचे डूल

“मावशीकडे जाऊन येते,” ग्लाफिरा म्हणाली आणि इग्नातीच्या मनात पाल चुकचुकली. दोन गल्ल्यांपलीकडची मावशी, मग ही नजरेला नजर का देत नाही? नक्की तिच्या आईचे पाचूचे डूल तिकडे नेऊन लपवणार!

“शालीत काय लपवलंयस गं?”

“मीच आहे आत. चाचपून बघ हवं तर.”

त्याने खरंच चाचपून बघितलं. काही नव्हतं. ती हसली, दाराजवळच्या पेटीवर क्षणभर टेकली, देवाच्या तसबिरीसमोर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, “सामोवार गरम आहे. चहा घे.”

ती बाहेर पडताच त्याने कपाट उघडलं. डूल जागच्या जागी! उगाच संशय घेतला बिचारीवर.

अर्ध्या तासात ते डूल कॅप्टन झिमिनच्या जुगाराच्या टेबलावर होते.

“बायकोने आपणहून दिले? नशीबवान आहेस लेका!”

“देतेय कसली! विसरून गेली,” इग्नाती हसला आणि हसता हसता थबकला. ती पेटीवर टेकली होती. लांबच्या प्रवासाला निघताना माणूस घरात असा मुकाट टेकतो. मावशीकडे जाताना कुणी टेकतं का?

परगावी प्रवासी नेणारी टपालाची घोडागाडी अजून सुटली नसेल. धावत गेलं तर तिला गाठता येईल. तो ताडकन उठला.

“पानं वाटलीत,” कॅप्टन म्हणाला.

“एवढा एकच डाव,” म्हणत इग्नाती खुर्चीच्या कडेवर टेकला.