निळा डबा

ग्रंथालयामागे दोन मुली रद्दीत काढलेले जुने प्रबंध सोलत होत्या. रेक्झिनचं कव्हर लाल डब्यात, कागद निळ्या डब्यात. तिथून जाणाऱ्या चौबळबाईंना ते पाहून भरून आलं. निवृत्त होईपर्यंत विद्यापीठात त्यांनी याच डब्यांसाठी घसा कोरडा केला होता. तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या प्रबंधावरची सोनेरी अक्षरं दिसली. नाव त्यांचंच होतं. ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली होती.

"हा कुणी वाचला असेल का गं?"

"छे हो आजी! पानंसुद्धा चिकटलेलीच आहेत." मुलीने कव्हर टरकावलं आणि गठ्ठा निळ्या डब्यावर धरला.

"थांब!" बाई ओरडल्या. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, पहिल्या पानावरून अंगठा फिरवला. मग नखाने गंजलेल्या पिना एकेक उपसल्या.

"पिना कागदात जाऊ द्यायच्या नसतात," म्हणत त्यांनी गठ्ठा स्वतःच डब्यात सोडला.