चार फूट

खांब मोडला नव्हता. अख्खाच्या अख्खा आडवा झाला होता. नाल्याच्या वाळूत तो उताणा पडला होता आणि त्याच्या तळाला पिवळा मुरूम अजून चिकटलेला होता.

वल्लरी उकिडवी बसून त्या मुरमावरून बोट फिरवत होती. नव्या पुलाच्या पाहणीसाठी ती बालाघाटहून आली होती. खात्यात सब-इंजिनिअर म्हणून लागून तिला चारच वर्षं झाली होती. तिच्या मागे तिचे वडील, मधूसाहेब, उभे होते. एकतीस वर्षांपूर्वी याच पदावर असताना मधूसाहेबांनी हा पूल बांधला होता. माणसं आणि सायकली जाण्यापुरताच, पण पलीकडच्या टोलीला, त्या छोट्या वस्तीला, परसवाड्याचा बाजार आणि शाळा जोडणारा तोच एक रस्ता होता. गेल्या भादव्यात तो वाहून गेला.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "जुन्या ड्रॉइंगवर इथे खडक दाखवलाय, पण तळाला तर मुरूम आहे. ड्रॉइंगखाली तुमची सही आहे."

मधूसाहेब त्या पिवळ्या मुरमाकडे बघत होते.

"पूल का पडला ते मला लिहून द्यायचंय. अतिवृष्टी लिहिलं तर कोणी काही विचारणार नाही. पण मग त्या ड्रॉइंगच्या भरवशावर नवा पायाही एवढाच खोल मंजूर होईल." तिने हात झटकले. "दुसरं कारण लिहिलं तर तुमचं नाव येईल. काय लिहू, तुम्हीच सांगा."

तेवढ्यात वरून सरपंच वीरेंद्रने हाक मारली. "साहेब, या ना वर! पूरं गाव जमा होऊन राह्यलं."

काठावरच्या मोहाच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. नव्या पुलाची जागा मोजायला जुन्या साहेबांची मुलगी येणार आणि साहेबही सोबत येणार, हे गावाला कळलं होतं. मधूसाहेबांना यायचं नव्हतं. वल्लरीनेच आग्रहाने आणलं होतं. का आणलं, ते त्यांना आत्ता खांबाजवळ कळलं.

खुर्चीवर बसल्यावर त्यांना तो जून महिना आठवला. खड्ड्यात पाणी पाझरत होतं. पंप बंद पडला होता. खडक अजून चार फूट खाली असेल असा त्यांचा अंदाज होता. बिरसा गावाकडे ढग जमले होते आणि वरून निरोप आला होता, पावसाच्या आत पाया भरला नाही तर हे काम दुसऱ्या गावाला जाईल. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "कठीण खडक लागला." खाली सही केली. काँक्रीट पडलं.

त्यानंतर दर पावसाळ्यात ते पेपरमध्ये या गावाचं नाव शोधत. निवृत्त झाल्यावरही. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई विचारायच्या, "रोज काय एवढं वाचता हो?" ते म्हणायचे, "काही नाही." गेल्या भादव्यात बातमी आली. पूल वाहून गेला, जीवितहानी नाही. ती शेवटची ओळ त्यांनी तीनदा वाचली होती.

वीरेंद्रचं भाषण सुरू झालं होतं. "आपल्या मधूसाहेबांचा पूल होता, म्हणून तीस साल टिकला! यंदा पानीच असं आलं का कोनाचाच पूल राह्यला नसता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीरेंद्रने शाल उलगडली.

मधूसाहेब उठले. शाल त्यांनी हातानेच अडवली.

"पाण्याने नाही पडला," ते म्हणाले. "पाया खडकापर्यंत गेलाच नव्हता. चार फूट कमी होता. मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं. तीस वर्षं तुम्ही आणि तुमची लेकरं त्या पुलावरून गेलात, तो मी फसवून बांधलेला पूल होता."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. वीरेंद्रला शालीचं काय करावं समजेना. वल्लरीने वही उघडली, वडिलांकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, "पाया खडकावर नव्हता." तिचे डोळे भरून आले होते, तरी अक्षर सरळ आलं.

पहिल्या रांगेतून रुख्माबाई उठली. सत्तरीची बाई. त्या कामावर ती मजुरीला होती, एवढं मधूसाहेबांना तिच्या चेहऱ्यावरून आठवलं. आता ती शिव्या देणार असं त्यांना वाटलं. ते ऐकायला ते तयार होते.

"आमाले मालूम होतं साहेब," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"गोटा नव्हता लागला ते. खड्डा आमीच तं खोदला होता. गोटा लागला असता तं लोखंडी सब्बल वाजली नसती का?" तिने आजूबाजूला पाहिलं. दोन-तीन म्हाताऱ्या माना हलल्या. "म्हनून तं नाल्याले लाल पानी आलं का आमी कोनाले पुलावर पाय ठेवू नाही दिला. घरातल्या सुनायले सांगतलं, नातवायले सांगतलं. दोन्ही काठावर मानसं बसवत होतो. यंदा बी बसवली होती."

मधूसाहेबांनी तीस वर्षं एकट्याने वाहिलेलं ओझं पूर्ण गावाने वाटून घेतलं होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं मला?"

रुख्माबाईने नाल्याकडे नाही, त्यांच्याकडेच सरळ पाहिलं.

"सांगतलं असतं, तं तुमी पूल बांधला असता का?"