शर्यतीचा पोशाख

डोंगरातल्या मोटरसायकल शर्यतीत तोशिरो दरीत कोसळून वारला. त्याला वर काढलं ते नुमाताने. बूट ओढ्यात वाहून गेले, असं सांगत त्याने मित्राला अनवाणीच घरी आणलं. आता तोशिरोच्या मोडक्या गाडीचे पुढचे शॉकअपही तो खांद्यावर घेऊन आला होता.

"वहिनी, माझ्या गाडीला बसवून द्या. लोखंडाला कसलं आलंय सुतक?"

नवऱ्याची गाडी स्वतःच दुरुस्त करत आलेल्या इकुएला शिसारी आली. पण नवऱ्याची एक तरी वस्तू पुन्हा डोंगर चढेल, अशी मनाची समजूत घालून तिने शॉकअप चढवले आणि बोल्ट आवळले.

"आता स्प्रिंग तुमच्या वजनाला लावते. हेल्मेटपासून बुटांपर्यंत शर्यतीचं सगळं घालून बसा, नाहीतर माप चुकतं."

"एवढंच ना?" म्हणत नुमाता गाडीला बांधलेली आपली पिशवी घेऊन आत गेला आणि सगळा पोशाख चढवून ऐटीत गाडीवर येऊन बसला. गाडी किती दबली ते बघायला इकुए पट्टी घेऊन खाली वाकली.



त्याच्या उजव्या बुटावर, घोट्यापाशी, तिने तोशिरोसाठी घातलेले निळे टाके होते.