सहावं माकड

नर्सने दुसऱ्या डोसची सिरिंज भरली, तशी डॉक्टर सुमेधा तिच्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभी राहिली. "संध्याकाळपर्यंत थांबा."

खाटेवर जासई गावचा मिथुन होता. आईची किडनी त्याला बसवली होती आणि आता त्याचं शरीर ती नाकारू लागलं होतं. प्रतिकारशक्ती दाबून हे नाकारणं थांबवणारं, पावणे गावातल्या प्रयोगशाळेतलं नवं अँटिबॉडीचं औषध पहिल्यांदाच माणसाला दिलं जात होतं. डोस माकडांवरून ठरला होता. सहांपैकी पाच माकडांच्या रक्तातून औषध दोन दिवसांत नाहीसं झालं, म्हणून दिवसाआड सुई. सहाव्याच्या अंगात मात्र ते तीन आठवडे टिकलं. त्या माकडातच काहीतरी बिघाड आहे म्हणून हिशेबातून त्याला वगळलं होतं.

सुमेधाच्या डोक्यातून ते माकड जात नव्हतं. मिथुनच्या अंगातही औषध तसंच रेंगाळलं, तर डोसावर डोस साचून साधा सर्दी-तापही त्याच्या जिवावर बेतला असता.

तिचे वरिष्ठ श्यामसुंदर सर खालच्या आवाजात म्हणाले, "आणि थांबल्यामुळे किडनी गेली तर? कशाच्या जोरावर थांबू?"

"एका माकडाच्या, सर."

ते नर्सला म्हणाले, "बाजूला ठेवा ती सुई."

मिथुनचं रक्त तपासायला पावण्याच्या प्रयोगशाळेत गेलं. तिथल्या क्षिप्राला सुमेधाने आणखी एक काम सांगितलं: औषध टोचण्याआधी काढून ठेवलेलं माकडांचं रक्तही तपास.

बाहेर बाकावर मिथुनची आई गोजरा बसली होती. "बाय, माजी किडनी हाय पोराच्या पोटात. औषद का थांबवलं?"

सुमेधा तिच्याजवळ बाकावर बसली. दुपारभर मिथुनची लघवीची पिशवी रिकामीच होती. उन्हं उतरली तेव्हा कुठे नळीतून पिवळी धार आली. तेवढ्यात वॉर्डातला फोन वाजला.

"परवाच्या डोसचं औषध जवळजवळ सगळं अजून त्याच्या रक्तात आहे," क्षिप्रा म्हणाली.

"आणि माकडं?"

"पाचांच्या रक्तात या औषधाला मारणारे कण आधीपासूनच होते. म्हणजे या प्रयोगाआधीच कधीतरी त्यांना हे टोचलंय. माणसासारखं कोरं ते सहावं एकच होतं."