जमिनीत गेलेली तार

बाळांनो, डोळे मिटा आणि एक छोटी खोली समोर आणा. टेबलावर बाबांचा, दूरदूरच्या माणसांशी बोलायचा हॅम रेडिओ आहे आणि त्याच्यापुढे एकटी बसलेली चिमी. बाबा जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून रेडिओवरून तिला कुणीच हाक मारलेली नाही.

ढग गडगडले की काय करायचं, ते बाबांनीच तिला शिकवलं होतं. अँटेना काढायची, प्लग काढायचा. हिरव्या तारेला मात्र हात लावायचा नाही. ती तार खिडकीतून अंगणात, जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या सळईपर्यंत जाते. "चिमे, आभाळाचा राग जमिनीच्याच पोटात मावतो," ते म्हणायचे.

आज ढग गडगडले. चिमीने अँटेना काढली, प्लगही काढला.

तरी स्पीकर टिकटिकला. लांब, आखूड, लांब. बाबांची तिला हाक मारायची खूण.

"अगं, बंद कर ना ते खोकं!" आई आतून ओरडली.

"बंदच आहे गं, आई."

चिमीने हिरवी तार सोडवली. खोली एकदम गप्प झाली. ती शांतता तिला सोसवेना. तिने तार पुन्हा टेकवली. टिकटिक परत आली, पण आता घाईघाईने.

चिमीने तार घट्ट आवळली, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि ती अंगणात, सळई ठोकली होती तिथे खणायला गेली.