आपल्याच पावलांवरून

चौथ्या प्रयत्नात वैदेहीचा टॉर्च चुन्याच्या डबीएवढा छोटा झाला. तिच्या कंपनीने पोलिसांसाठी बनवलेला मूळ टॉर्च हातभर लांब होता. त्याच्या जांभळ्या उजेडात दोन तासांपूर्वीची कुणाचीही पावलं जमिनीवर चमकायची. या छोट्या टॉर्चच्या उजेडात मात्र तो ज्याच्या हातात असेल, फक्त त्याचीच पावलं दिसत.

तो तिने वडिलांसाठी केला होता. जनार्दन शेटे निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून दिल्या आणि आता कराडातल्या चार गल्ल्यांत वाट चुकायचे. मुलगी सोबत येते म्हणाली, की ते फिरायलाच जात नसत.

"मी कुठे आहे ते कुणाला कळवत नाही ना हा?" त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णा. उजेड पाडायचा आणि आपल्याच पावलांवरून परत यायचं."

संध्याकाळी ते एकटे निघाले. दीड तास झाला तरी पत्ता नाही. शेवटी वैदेही चपला घालून फाटकाशी आली, तर कोपऱ्यावरून जांभळा उजेड डुलत डुलत येत होता.

"उशीर झाला, अण्णा."

"वाट बरोबर सापडली. पण माझी पावलं जिलबीच्या दुकानात शिरलेली दिसली. खाल्ल्याचं काही आठवेना, म्हणून आत जाऊन दुकानदाराला विचारलं."

"मग?"

"दोन खाल्ल्या म्हणाला. चव आठवत नव्हती, म्हणून आणखी दोन खाल्ल्या."

वैदेहीला हसू आवरेना. अण्णांनी टॉर्च विझवून खिशात ठेवला.

"उद्या नदीपर्यंत जाईन म्हणतो," ते म्हणाले. "एकटाच."