पहिला चीक

"पंजाब, तोंड धर त्याचं! सड दे तोंडात! पयला चीक पोटात गेलाच पाह्यजे, नाई त वासरू हाती लागत नाई!"

गोठ्यातून नत्थुजींचा आवाज आला. गाय पहाटे व्याली होती. नत्थुजी आणि त्यांचा मुलगा पंजाबराव, दोघं मिळून लटपटत्या वासराला कासेशी लावत होते. गोठा आणि बाळंतिणीची खोली यांच्यात एकच कुडाची भिंत. पंजाबरावांची बायको जमुना आत बाजेवर बसून सगळं ऐकत होती, आणि आपल्या अंगचा पिवळाजर्द चीक राखेच्या घमेल्यात पिळून टाकत होती.

तिचा मुलगा आदल्या संध्याकाळी जन्मला होता. शेजारी लुगड्याच्या घडीत पडून तो नुसतेच ओठ हलवत होता. आईचं पहिलं दूध जड. नऊ महिने साचून नासलेलं. ते बाळाच्या आतड्याला चिकटतं, हे चांदूर बाजारच्या त्या पंचक्रोशीत कुणाला शिकवावं लागत नसे. तीन दिवस चीक राखेत टाकायचा आणि बाळाला गुळाचं पाणी द्यायचं. मागे एकदा ब्लॉकच्या सरकारी जीपमधून नर्सबाई आली होती. पहिलं दूध पाजा, पहिलं दूध पाजा, म्हणून घसा कोरडा करून गेली. "तिचं सोताचं लगन झालं नाई, अन् आमाले लेकरं पोसाले शिकवते," जमुनेची सासू दुर्गाबाई म्हणाली, आणि विहिरीवरच्या साऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जमुनाही हसली होती. तेव्हा तिची पहिली मुलगी पोटात होती. ती मुलगी बारसं व्हायच्या आतच गेली.

आज तिला हसू येईना. त्या मुलीलाही गुळाचंच पाणी दिलं होतं. मग ती का गेली? आणि हाही गेला तर?

दुर्गाबाई वाटीत कापसाची वात भिजवून नातवाच्या ओठांवर पिळत होती.

"आत्याबाई," जमुना हळूच म्हणाली, "वासराले चीक पाह्यजे, मंग लेकराले काहून नाई?"

दुर्गाबाई रागावली नाही. उलट हसली. "अवं, ते ढोर व्हय. आपून मानसं आहो."

मग सासू वासरू बघायला गोठ्यात गेली, आणि जमुनेनं पोराला उचलून छातीशी घेतलं. कुणी शिकवलेलं नसताना पोर लागलंच लुचायला. एक घोट गेला, दुसरा गेला. त्याच्या मुठी सैल पडल्या. एवढं सुख जमुनेला जन्मात ठाऊक नव्हतं. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. तिनं पोर घाईघाईनं खाली ठेवलं आणि त्याच्या ओठावरचा पिवळा थेंब पदरानं टिपला.

दुसऱ्या दिवशी पोराला जुलाब सुरू झाले.

दुर्गाबाईनं सगळं केलं. जायफळ उगाळलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, भगताला बोलावून आणलं. घसा सुकू नये म्हणून कोनाड्यातल्या वाटीतलं गुळाचं पाणी पुन्हा पुन्हा पाजलं. पाणी कालचंच होतं. काठावर बसलेल्या माश्या हातानं हाकलायच्या आणि वात बुडवायची, असं चाललं होतं. संध्याकाळपर्यंत पोराची टाळू खोल गेली. रडणंही बारीक झालं.

"जमुना, खरं सांग," दुर्गाबाईनं विचारलं. "तुनं पाजलं?"

जमुनेनं मान खाली घातली. "दोन घोट."

मारील, ओरडेल, माहेरी धाडील, असं जमुनेला वाटलं. पण सासूनं उठून आधी दार लोटलं. "मले सांगतलं ते सांगतलं," ती कुजबुजली. "बाहीर कोनापाशी बोलू नोको. पंजाबपाशी त मुळीच नाई. जीव घेईन तो तुया."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं. दाराशी जमलेल्या बायांना दुर्गाबाईनं सांगितलं, दृष्ट लागली. सुनेवर तिळभरही आळ येऊ दिला नाही. जमुना ते आतून ऐकत होती. आपल्याच हातानं आपण पोटच्या पोराला विष पाजलं, आणि ही माउली ते पदराखाली झाकते आहे! सासूचे पाय धरून रडावं, असं तिला वाटलं. त्या नर्सबाईचं तोंड आठवलं तेव्हा तिनं मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. पुन्हा देवानं पदरात टाकलंच, तर चिकाचा थेंबसुद्धा त्याच्या पोटात जाऊ देणार नाही, अशी तिनं बाजेवर बसल्या बसल्या शपथ घेतली. छाती दाटून दगडासारखी झाली होती. तिनं घमेलं ओढलं आणि राखेत दूध पिळलं.

पुरुष नाल्याकाठी माती देऊन आले. आंघोळी झाल्या. सुतकात गोड शिजवू नये. पण बाळंतिणीचं अंग ओलं, पोकळ झालेलं, त्यात काही भरायला नको का? दुर्गाबाई लोकांच्या नजरा चुकवून चुलीपाशी बसली. गायीचा चीक तिनं गूळ घालून वाफवला, आणि कढत कढत खरवसाची वाटी घेऊन ती आत आली. सुनेच्या तोंडावरचे केस मागे सारले. स्वतःच्या हातानं एक घास तिच्या ओठांशी धरला.

"खाय माय," ती रडत रडत म्हणाली, "मेल्या जिवात जीव आनते चीक."